एका शिडाची होडी

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, दक्षिण किनाऱ्यावर न्यू बेडफर्ड नांवाचें बंदर आहे. एकोणिसाव्या शतकांत देवमाशाच्या तेलावर या गांवानें अपार संपत्ति मिळविली. शिकारीच्या हलक्या होड्या बांधण्यांत तेथील बीटल घराण्याची मोठी ख्याति होती. १८५९ सालीं पेनसिल्व्हानियांत खनिज तेलाची विहीर लागली आणि हा धंदा हळूहळू ओसरला. गिऱ्हाईक गेलें, पण हातांतील कला गेली नव्हती. १९२१ सालीं त्याच घराण्यानें लहान मुलांनाही चालवितां येईल अशी एक होडी बांधली. तीच 'बीटल कॅट'. आजवर अशा चार हजारांवर होड्या झाल्या आहेत.

गेल्या उन्हाळ्यांत त्यांची शर्यत पाहण्याचा योग आम्हांस आला. एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस आपल्या नावेंत घेतलें. त्यांचा बारा वर्षांचा नातू शर्यतींत होता. होडीची लांबी १२ फूट ४ इंच, रुंदी ६ फूट. डोलकाठी अगदीं नाळेजवळ, आणि शीड एकच, १४० चौरस फुटांचें. कोंकणांतील मचव्यांचीं शिडें आम्हीं लहानपणापासून पाहिलेलीं. पण हें शीड चौकोनी. त्याची वरची कड एका तिरप्या काठीस बांधलेली असते. त्या काठीस दोन दोर: एक डोलकाठीजवळचें टोक उचलतो, दुसरा बाहेरचें.

कापड सपाट असलें तरी शीड सपाट शिवून चालत नाहीं, असें आजोबांनीं सांगितलें. शिंपी चोळीस आकार देतो त्याप्रमाणें पट्ट्यांच्या शिवणी टोकांशीं किंचित् अधिक दाबून व कडा गोलसर कापून त्यास पोट द्यावें लागतें. मात्र तें पोट योग्य जागीं राखणें दोर ओढणाऱ्याच्या हातीं असतें.

पहिल्या फेरींत नातू जवळजवळ शेवटीं आला. "आज वाराच धड नव्हता," तो कुरकुरला. आजोबा म्हणाले, "वारा सर्वांना तोच होता, आणि होड्याही सारख्याच. शिडाकडे पाहा." मुलगा बराच वेळ पाहत राहिला. डोलकाठीजवळच्या वरच्या कोपऱ्यापासून मागच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक लांब चुणी पडली होती. काठीचें बाहेरचें टोक खालीं लोंबत होतें! त्यानें दुसरा दोर ओढला. आतां उलट दिशेनें, बाहेरच्या टोकाकडून डोलकाठीच्या पायथ्याकडे, पुसटशी चुणी उमटली. "ही राहूं दे," आजोबा म्हणाले. शीड वाऱ्यानें भरतांच ती नाहींशी झाली.

दुपारीं नैर्ऋत्येचा वारा वाढला. अशा वेळीं ही होडी वाऱ्याकडे तोंड फिरवूं पाहते व सुकाणूं जड होतें. पुष्कळ मुलें सुकाणूंशींच झगडत राहिलीं. आमच्या या मुलानें शिडाचा खालचा भाग गुंडाळून बांधला, आणि थोडें शीड कमी करून तो पुष्कळांच्या पुढें गेला. पहिला मात्र आला नाहीं, तिसरा आला.

परततांना त्यानें वाऱ्याचें नांवही काढलें नाहीं. तो सारखा मागें वळून इतरांच्या शिडांवरील चुण्या पाहत होता.