काळ्या पाषाणाशेजारी एक रात्र

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी विहीर खोदली आहे, त्यांची काळ्या पाषाणाशी गाठ पडलीच असेल. काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली सुरुंगालाही दाद न देणारा खडक. हा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळून थंड झालेला लाव्हा, हे मी शेतकऱ्यांना पुष्कळदा सांगितले आहे. पण लाव्हा दिसतो कसा, हे मी स्वतः पाहिले ते 2023 च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या वाळवंटात.

माझी मुलगी तिकडे लास क्रूसेस येथे शिकते. मिरचीसाठी प्रसिद्ध असलेला हा मुलूख. तेथून सुमारे दोनशे किलोमीटरवर कॅरिझोझो नावाचे लहानसे गाव आहे. वाटेत व्हाईट सँड्सच्या पांढऱ्याशुभ्र टेकड्या लागतात. त्या जिप्समच्या आहेत. आपण चोपण जमिनीला घालतो, तेच जिप्सम!

गावाच्या पश्चिमेला रस्ता एकदम काळ्या रानात शिरतो. जवळजवळ सत्तर किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी आठ-दहा किलोमीटर रुंद असा हा लाव्ह्याचा पट्टा सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी वाहत आला. त्याच्या मधोमध वालुकाश्माचा एक उंचवटा बेटासारखा उरला आहे. त्यावर सरकारने मुक्कामाची जागा केली आहे. तेथे आम्ही तंबू ठोकला.

तुम्ही गुऱ्हाळावर गेला असालच. काहिलीतला गूळ ओतला की वर साय धरते, आतला पाक पुढे सरकतो आणि सायीला सुरकुत्या पडतात. अगदी तशाच सुरकुत्या या दगडावर आहेत. कोठे वायू निसटल्याने मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे, कोठे आतला लाव्हा वाहून गेल्याने छत कोसळून झालेले खड्डे. स्पॅनिश लोकांनी अशा जमिनीला नाव दिले ‘मालपाईस’, म्हणजे वाईट मुलूख.

तरीही जीव चिवट असतो. भेगाभेगांतून निवडुंग आणि घायपातासारखी काटेरी झुडपे उगवली आहेत. येथले उंदीरसुद्धा दगडासारखे काळपट, तर पांढऱ्या जिप्समवरचे फिकट. जो उठून दिसतो त्याला घुबड उचलते. पिढ्यान् पिढ्या अशी निवड होऊन रंग ठरला.

संध्याकाळी मी एका भेगेपाशी बसून बोटे आत घातली.

“आप्पा, काय शोधताय?” मुलीने विचारले.

“माती,” मी म्हणालो.

हाताला लागली चिमूटभर. तीही बहुतेक वाऱ्याने आणलेली धूळ. पाच हजार वर्षांची कमाई एवढीच! पाऊस वर्षाला जेमतेम बारा इंच. दगड कुजायला ओल हवी, मुळे हवीत, आणि काळ तर हवाच हवा. ती चिमूट मी पुन्हा भेगेत ठेवली.

रात्री कडाक्याची थंडी पडली. दूरवर कोल्हेकुई चालली होती. आभाळ चांदण्यांनी भरले होते, पण मला झोप येईना. डोळ्यांसमोर आमचे गावचे शेत होते. तेथला उताराचा बांध फुटला होता. मी गावोगाव बांधबंदिस्तीवर भाषणे देत होतो आणि माझ्याच शेतातला बांध ‘पुढच्या उन्हाळ्यात घालू’ म्हणून दोन वर्षे तसाच राहिला. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्रीच्या पावसाने त्या कोपऱ्यातला मुरूम उघडा पडला. माती ओढ्याला गेली. एक इंच माती व्हायला शेकडो वर्षे लागतात, हे मला पाठ होते; पण ते पटले त्या रात्री.

परत आल्यावर पहिले काम बांधाचेच केले. दगडी सांडवा काढला, बांधावर गवत लावले. गेलेली माती मात्र परत आली नाही.

म्हणून वाचकहो, हा लेख वाचून झाला की आपल्या शेताच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारा. बांध कोठे खचला आहे का, ते पाहा. पेरणी उताराला आडवी करा. आपला काळा पाषाण कोट्यवधी वर्षे ऊनपावसात झिजला, तेव्हा ही माती आपल्या वाट्याला आली. एका पावसात तिचे मालपाईस होऊ देऊ नका.