आडवाटेचे पथ्य

आषाढाच्या शुद्ध पक्षात काही दिवस करकंबचा रस्ता करकंबकरांचा राहत नाही. त्र्यंबकेश्वराहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी करमाळ्याकडून येते आणि आमच्या गावावरून पंढरीला जाते. मागेपुढे लहानमोठ्या दिंड्या असतात. घरोघरी पिठले-भाकरीचा घाट घातला जातो, ओसरीवर अनोळखी माणसे निर्धास्त झोपतात. २०१३ च्या आषाढात अशाच एका रात्री, ओसरीवर सात-आठ वारकरी झोपलेले असताना, आमच्यापैकी एकाच्या पोटात डाव्या बाजूला खाली कळ उठली. पहाटेपर्यंत ताप भरला. रस्ता माणसांनी भरलेला. सोलापूरच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपार कलली.

आम्ही दोघेही जन्मभर शाळेत मराठी शिकवले. दुखणे दोघांपैकी कोणाचे, हे येथे सांगत नाही. आतडे एकाचे असले तरी स्वयंपाकघर एकच होते, आणि जे घडले ते मुख्यतः स्वयंपाकघरात घडले.

डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहून नाव सांगितले : डायव्हर्टिक्युलायटिस. मोठ्या आतड्याच्या भिंतीत जेथून रक्तवाहिन्या आत शिरतात, त्या जागा मुळातच कमजोर असतात. वय वाढते तसे तेथे आतले अस्तर बाहेरच्या बाजूस फुगून बारीक पिशव्या तयार होतात. बहुतेकांना या पिशव्यांचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. थोड्यांच्या बाबतीत एखादी पिशवी सुजते, आणि मग ताप, कळा, क्वचित आतडे फुटण्याची भीती. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुधा आतड्याच्या डाव्या बाजूला असतो, आशियात उजव्या बाजूला अधिक आढळतो. आमचा डावीकडे निघाला.

चार दिवसांनी घरी सोडताना हाती एक कागद मिळाला. वर्ज्य पदार्थांची यादी. शेंगदाणे, तीळ, कारळे, जवस, खसखस, मका, हुरडा, पेरू, डाळिंब, वांगे, टोमॅटो, काकडी. कारण असे सांगितले की, दाणे आणि बिया त्या पिशव्यांत अडकतात आणि सूज आणतात. कारण ऐकताक्षणी पटण्यासारखे होते. डोळ्यांसमोर चित्रच उभे राहत होते. आम्ही यादी स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवली.

सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने ती यादी पुन्हा एकदा वाचून पाहावी. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय आमच्याकडची कोणती भाजी होते? भोगीच्या भाकरीवरचे तीळ, संक्रांतीचा तिळगूळ, माघातला हुरडा, सांगोल्याकडचे डाळिंब, भरली वांगी. जणू कोणी आमच्या मुलखाचा नकाशा समोर ठेवून एकेका गावावर काट मारली होती.

घरी आई होत्या. एकाची आई, दुसऱ्याची सासू; पण दोघेही आईच म्हणायचो. वय चौऱ्याऐंशी. दवाखान्यातून आलो त्या दिवशी त्यांनी कागद पाहिला नाही. त्यांनी पातळ पेज केली. दोन दिवसांनी मुगाचे कढण, मग मऊ भात आणि वर ताकाची निवळ. आठवडा उलटल्यावर ज्वारीच्या कण्या ताकात शिजवल्या, आणि त्या पचल्या असे पाहून भाकरीचा नुसता पापुद्रा दुधात कुस्करून दिला. घाई केली की ओरडायच्या. आयुर्वेदात पेया, विलेपी, यूष असा जो चढता क्रम सांगितला आहे, त्याचे नावही त्यांना ठाऊक नव्हते. क्रम मात्र हाताला ठाऊक होता. आजचे वैद्यकही सुजेच्या काळात साधारण हेच सांगते : आधी पातळ, मग चोथा कमी असलेले मऊ अन्न, आणि सूज उतरल्यावर हळूहळू चोथायुक्त आहाराकडे परत. तेव्हा आईंचे आणि डॉक्टरांचे येथपर्यंत एकमत होते.

मतभेद झाला तो महिन्याभराने. एका सकाळी आईंनी शेंगा भाजल्या, उखळ धुऊन उन्हात वाळवले आणि लसूण, जिरे, तिखट, मीठ घालून चटणी कुटायला बसल्या. सोलापुरी शेंगाचटणी मिक्सरमध्ये होत नाही. होते ती भुकटी. उखळात मुसळाचा घाव बसत बसत दाण्याचे तेल सुटले पाहिजे, चटणीचा मुटका वळला पाहिजे. त्या वयात त्यांना ते काम अर्धा तास पुरले. दुपारी त्यांनी ती ताटात वाढली, तेव्हा आम्ही भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवले. त्यांनी विचारले, "बारीक कुटलीया, त्यात दाणा कुठं राहिलाय?" आम्ही म्हणालो, "डॉक्टरांनी नको म्हटलंय, आई." त्या काही बोलल्या नाहीत. चटणी बरणीत भरून फळीवर ठेवली. पथ्य दोघांनीही पाळायचे असे आम्ही ठरवले होते. एकाने खावे आणि दुसऱ्याने पाहावे हे बरे दिसत नाही. बरणी तशीच राहिली, खवट झाली, आणि पुढे उखळ माळ्यावर गेले.

पाच वर्षे आम्ही त्या यादीप्रमाणे जेवलो. जेवलो म्हणण्यापेक्षा पोट भरले. माघात मळ्यावरून हुरड्याचे बोलावणे यायचे. आगटीभोवती बसून गरम कणसे चोळणाऱ्या माणसांत आम्ही दोघे चहा पीत बसायचो. संक्रांतीला लोक हातावर तिळगूळ ठेवायचे, तो आम्ही रुमालात बांधून घरी आणायचो. मऊ, पांढरे, बिनबियांचे जे जे, ते ते सुरक्षित वाटू लागले. चपाती, भात, टोस्ट, साबुदाणा. गंमत अशी की, एकादशीच्या साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतोच, आणि आमच्या तर बाराही महिने एकादश्या चालल्या होत्या. पोट जड राहू लागले. त्यापेक्षा वाईट म्हणजे ताटाची भीती बसली. प्रत्येक घास आधी संशयाने पाहायचा आणि मग गिळायचा.

२०१६ च्या हिवाळ्यात आई गेल्या.

२०१८ साली पोटात पुन्हा थोडे दुखले, म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. तरुण होते. त्यांनी आहार विचारला, आम्ही अभिमानाने यादी सांगितली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हे आता कोणी पाळत नाही." २००८ साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात ४७,२२८ पुरुषांच्या खाण्याची आणि आजारांची अठरा वर्षे नोंद ठेवलेली होती. कवचाची फळे, मका, मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांना हा आजार अधिक होतो असे दिसले नाही. कवचाची फळे आणि लाह्या यांच्या बाबतीत तर प्रमाण उलट कमी भरले. म्हणजे आमच्या भिंतीवर कागद चिकटला, त्याच्या पाच वर्षे आधीच त्याचा आधार गेलेला होता. आणि आईंनी चटणी कुटली ती त्यानंतर.

ज्यांनी यादी दिली त्या डॉक्टरांवर आमचा राग नाही. त्यांना ती त्यांच्या गुरूंनी दिली असेल. पुढे आम्ही जमेल तसे वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की या आजाराचे पथ्य याआधीही एकदा मुळापासून उलटलेले आहे. विसाव्या शतकाचा बराच काळ या रोग्यांना मऊ, बिनचोथ्याचे अन्नच सांगत असत. १९७१ मध्ये नील पेंटर आणि डेनिस बर्किट या दोन शल्यविशारदांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिले की, हा आजारच मुळी चोथ्याच्या अभावाचा आहे. बर्किट युगांडात वर्षानुवर्षे काम केलेले. चोथा भरपूर खाणाऱ्या ग्रामीण आफ्रिकेत हा आजार जवळजवळ दिसत नाही आणि गव्हाचा कोंडा काढून टाकणाऱ्या देशांत तो वाढला, असा त्यांचा युक्तिवाद. २०११ साली इंग्लंड-स्कॉटलंडमधील सुमारे सत्तेचाळीस हजार माणसांच्या पाहणीत शाकाहारी लोकांना हा आजार ३१ टक्क्यांनी कमी आढळला. लगेच २०१२ मध्ये दुसरा अभ्यास आला. चोथा अधिक खाणाऱ्यांच्या आतड्यांतही या पिशव्या काही कमी नव्हत्या, असे त्यात दिसले. म्हणजे पिशव्या कशाने होतात हा वाद संपलेला नाही. त्या सुजू नयेत म्हणून चोथा उपयोगी पडतो, एवढे मात्र बहुतेक मानतात. वाङ्मयाच्या शिक्षकाला यात नवल वाटू नये. एकेका ओवीचा अर्थ पिढीगणिक बदललेला आम्ही वर्गात शिकवला आहे. पण टीकाकाराचा अर्थ चुकला तर फार तर परीक्षेतले दोन गुण जातात.

शब्दांच्या नादाने आम्ही आणखी एक गोष्ट केली. 'डायव्हर्टिक्युलम' हा शब्द कोशात पाहिला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ आडवाट. हमरस्ता सोडून बाजूला वळलेली वाट. त्यावरूनच वाटेवरच्या उतारूंची उतरण्याची जागा, आणि लेखनातले विषयांतर, असेही अर्थ आले. आणि आपला 'पथ्य' शब्द? तोही 'पथिन्' म्हणजे वाट या शब्दापासूनच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पथ्याचे लक्षण दिले आहे : शरीराच्या मार्गांना जे बाधत नाही ते, आणि त्यालाच जोडून, जे मनाला प्रिय आहे ते. आम्ही अनेकदा 'पथ्य' हा शब्द फळ्यावर लिहिला असेल, पण त्याच्या लक्षणाचा हा दुसरा अर्धा भाग आमच्या ध्यानात कधी आला नव्हता. पथ्य म्हणजे आवडीचे सोडणे, हीच व्याख्या आम्ही धरून बसलो होतो. आईंनी पेजेतही चिमूटभर जिरे घातले होते आणि वर तुपाचा थेंब सोडला होता, हे आठवले.

आता आमचे ताट असे आहे. सकाळ-संध्याकाळ ज्वारीची भाकरी. उजनीचे धरण १९८० साली झाले, पाणी आले, शिवारात ऊस आला आणि घरोघरी भाकरीच्या जागी चपाती आली. आम्ही पुन्हा मंगळवेढ्याकडची मालदांडी आणतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू दिले आहेत, पांढऱ्या तांदळात तीनही नाहीत. चपातीत ते ज्वारीहून कमी नसतात; पण भाकरीसोबत पालेभाजी, मटकीची उसळ, कांदा आणि ताक आपोआप येते, चपातीसोबत आमच्या घरी बटाटा यायचा. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगते, म्हणून पहिले दोन महिने अर्ध्या भाकरीवरून एकीवर आलो. पाणी आठवणीने प्यावे लागते. कोरडा चोथा उलट अडून बसतो. एकादशीला साबुदाण्याऐवजी भगर, रताळे, राजगिरा. पोट कुरकुरले तर दोन दिवस आईंचा क्रम : पेज, कढण, मऊ भात. ताप आला किंवा कळ थांबली नाही, तर क्रम बाजूला ठेवून दवाखाना. हे आमचे ताट आहे. दुसऱ्याने त्यावरून आपले ताट वाढून घेऊ नये. आतडे ज्याचे त्याचे, आणि त्याचा डॉक्टरही ज्याचा त्याचा.

पेरू खातो, डाळिंब खातो. गेल्या माघात मळ्यावर आगटीपाशी बसलो आणि पोटभर हुरडा खाल्ला. शेजारच्या पोराने विचारले, "गुरुजी, बाई, यंदा चहा नको का?"

उखळ माळ्यावरून काढले आहे. शेंगा भाजतो, लसूण, जिरे, तिखट, मीठ, सारे तेच. आळीपाळीने कुटतो. तेल सुटते, मुटकाही वळतो. तरी आईंच्या चटणीची चव येत नाही. प्रमाण त्यांना कधी विचारलेच नव्हते, आणि ज्या दिवशी विचारता आले असते त्या दिवशी आम्ही भिंतीकडे बोट दाखवत होतो. आषाढात वारकरी येतात तेव्हा ताटात ती चटणी वाढतो. ते खातात, चांगली झाली म्हणतात आणि पहाटे उठून पंढरीच्या वाटेला लागतात. आम्ही दोघे उरलेली चटणी बरणीत भरतो. ती आता खवट होत नाही; चार दिवसांत संपते.