पोक्याचं कन्नड

धारवाडचा माझा मित्र वारला, त्यानंतर 'वासूनाका'च्या माझ्या कन्नड अनुवादाच्या खर्ड्याला मी बराच काळ हात लावला नाही. माझं प्रत्येक पान तो मोठ्याने वाचायचा. त्याचं बालपण हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपलगतच्या वस्तीत गेलेलं. त्याची जीभ अडखळेल तिथे मी वाक्य मोडायचो. मी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयड्याकडच्या कुंभारवाड्याचा. आमच्याकडे घरात कुणबी कोकणी, भजनात मराठी, शाळेत कन्नड. कन्नड मला पुस्तकांतून आलं. आणि आता लिहायचं आहे ते नाक्यावरचं.

मुंबईच्या नाक्यावरच्या पोरांचं भाऊ पाध्यांचं हे पुस्तक १९६५ चं. अश्लील म्हणून त्यावर तेव्हा गदारोळ झाला. शिव्यांचा प्रश्न मला कधीच मोठा वाटला नाही. शिव्या कन्नडमध्ये भरपूर आहेत. अडतं ते दुसरीकडे. त्या पोरांतला पोक्या या पुस्तकात नुसता बोलत नाही, गोष्टही तोच सांगतो. संवाद बोलीत नि निवेदन प्रमाणभाषेत, ही आम्हा अनुवादकांची नेहमीची पळवाट इथे बंद आहे. त्याची भीती, त्याची वासना, त्याची दया, सगळं त्याच जिभेवरून उतरतं. ती जीभ शहरी आहे, गरीब आहे, आणि तिच्यात शेताचा एक कणही नाही.

कन्नडमध्ये बोली लिहिली की वाचकाला गाव दिसतं. देवनूर महादेवांनी 'कुसुमबाले' नंजनगूडकडच्या दलित बोलीत लिहिली, १९९० साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण तीही गावाचीच गोष्ट. मग पोक्याला कुठली बोली द्यायची? 'मगा', 'मच्चा' म्हणायला लावला की तो बंगळूरचा होतो, तोही आजचा. 'माराया' म्हणाला की मंगळूरच्या बसमध्ये चढतो. 'अवनौन' म्हणाला की हुबळीचा, आणि हुबळीची बोली सिनेमावाल्यांनी विनोदाला जुंपल्यामुळे वाचक आधीच हसायला बसलेला असतो. पोक्या हसवतो, पण त्याच्या भाषेला हसलेलं मला चालणार नाही.

ही अडचण माझ्या एकट्याची नव्हे. पॅरिसबाहेरच्या वस्त्यांतली पोरं शब्द उलटे करून बोलतात. बाईला 'फाम' न म्हणता 'मफ' म्हणतात. फाईझा गेन यांच्या २००४ च्या 'किफ किफ दमँ' या कादंबरीत पंधरा वर्षांची दोरिया गोष्ट सांगते, पोक्यासारखीच स्वतःच्या तोंडाने. ही भाषा इटालियनमध्ये नेणाऱ्यासमोर हीच भिंत उभी राहते. रोमची बोली रोमची, नेपल्सची नेपल्सची. कोणतीही घेतली की मुलगी पॅरिस सोडून निघाली. पाझोलिनींनी १९५५ मध्ये 'रागाझ्झी दी व्हीता'त रोमच्या पोरांना रोमच्या बोलीत बोलतं केलं आणि शेवटी शब्दार्थ जोडले. त्यांची पोरं रोमचीच होती, म्हणून ते शोभलं. अनुवादकाने तसे शब्दार्थ जोडणं मला मुळीच मान्य नाही. वाचक नाक्यावर उभा आहे आणि शेजारी कुणी मास्तर अर्थ सांगतो आहे, असं होतं.

मुंबई कन्नडमध्ये आणली ती आमच्याच जिल्ह्यातल्या लेखकांनी: हनेहळ्ळीचे यशवंत चित्ताल, गोकर्णचे जयंत कायकिणी. कायकिणींच्या मुंबईकथांच्या तेजस्विनी निरंजना यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला २०१८ चा डीएससी पुरस्कार मिळाला, तेव्हा मला स्वतःला मिळाल्यासारखा आनंद झाला. पण या दोघांची मुंबई लेखकाच्या सुंदर कन्नडमधून दिसते. पाध्ये स्वतः बाजूला होतात. त्या बाजूला होण्याचा कन्नडला सराव कमी आहे, असं माझं मत आहे, आणि बंगळूरचे काही नवे अनुवादक मालिकांतली भाषा ओतून ही उणीव भरून निघाली असं समजतात, त्याचा मला राग येतो.

मलाही बाजूला होता येत नाही, त्याचं कारण मला ठाऊक आहे. धारवाडच्या सभांत 'मराठी माणसाचं इतकं शुद्ध कन्नड!' असं कौतुक झालं आणि ते मी वर्षानुवर्षं मिरवलं. ते ऐकायला मी मुद्दाम पुढच्या रांगेत बसायचो. आज पोक्याच्या तोंडी ओबडधोबड वाक्य घालताना हात थांबतो तो याच कारणाने. वाचणाऱ्याला वाटेल, जोयड्याच्या माणसाला कन्नड येत नाही.

आता खर्डा ऐकते ती माझी एक जुनी विद्यार्थिनी. ती नोकरीला हुबळीत असते, रात्री फोनवर मी वाचतो. एकदा म्हणाली, "सर, हा पोरगा शिव्या पुस्तकात बघून देतोय." माझा मित्र इतकं स्पष्ट कधी बोलला नव्हता, तो फक्त अडखळायचा.

तिच्याशी बोलून मी ठरवलं ते असं. पोक्या बोलेल हुबळीच्या वर्कशॉप आणि गिरणीकडचं कन्नड, ज्यात मराठी, दखनी, रेल्वेची इंग्रजी आधीपासूनच मुरलेली आहे. निवेदनही त्याच भाषेत. हुबळीचीच म्हणून ओळखू येणारी ठसकेबाज संबोधनं मात्र काढून टाकली. वाक्याची मोडणी, तोडलेली क्रियापदं आणि वेग तेवढा ठेवला. हसू शब्दावर येत होतं, ते गेलं. पोक्या यात थोडा कमी रंगेल झाला, हे मला दिसतं आहे, आणि ते मी पत्करलं आहे.

हस्तलिखित कुणा प्रकाशकाकडे जाईल तेव्हा मुद्रितशोधकाला माझी एकच विनंती: तोडलेली क्रियापदं जोडू नका.