पहिल्या महिन्याचं प्रतिक्रमण



मी असोद्याची म्हटलं की ऑफिसात सगळ्यांचा एकच प्रश्न, "मग भरीत कधी आणताय?" असोद्याचं भरीत आणि इथे जन्मलेल्या बहिणाबाई, दोन्हींचं नाव खान्देशात घरोघरी. वांगं आपल्याकडे बहुबीज म्हणून वर्ज्य, हे पहिल्याच आठवड्यात समजावून झालं. भरताऐवजी खाखरे नेले, तर डबा दहा मिनिटांत रिकामा.

नोकरी म्हणजे जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात हिशेबाचं काम. बी.कॉम. झाले, लग्न झालं आणि मधली सतरा वर्षं घरातच गेली. यंदा दुकानाची आवक घटली आणि लेकीची कॉलेजची फी समोर उभी राहिली, म्हणून निघाले. सहा महिने प्रोबेशन. महिना होतो न होतो तोच फोनवर निरोप आला, 'शुक्रवारी ११ वाजता रिव्ह्यू.'

पोटात गोळाच आला. कारण एक चूक झाली होती आणि ती साहेबांना ठाऊक नव्हती.

इंदूरला माल चालला होता. परराज्यात ५० हजारांच्या वरचा माल पाठवायचा तर ई-वे बिल लागतं, त्यात गाडीचा नंबर असतो. मी दोन आकडे उलटे टाकले. गाडी रावेरपर्यंत गेल्यावर ड्रायव्हरच्या लक्षात आलं. वाटेत तपासणी झाली असती तर दंड बसला असता. शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी नवीन नंबर कसा भरायचा ते दाखवलं, म्हणाल्या, "निस्तरलं ना? मग आता बोलू नका."

गुरुवारी संध्याकाळी सासूबाई प्रतिक्रमणाला बसल्या. माझं लक्ष नाही हे त्यांनी ओळखलं. उठल्यावर विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझे साहेब महिन्याने विचारतायत. आपण तर रोज विचारतो स्वतःला. मग भीती कसली?"

खरंच की! रोजचं देवसी आणि राई, पंधरवड्याचं, चार महिन्यांचं आणि मग संवत्सरी. चूक साठू नये म्हणूनच ना ही मांडणी? आणि प्रायश्चित्तात पहिली येते ती आलोचना. गुरूंपुढे जसं घडलं तसं सांगायचं, काही न लपवता. साहेब काही गुरू नव्हेत, पण न लपवण्याची सवय एकच. सहा आवश्यकांत शेवटचं पच्चक्खाण, म्हणजे पुढे काय करणार नाही ते ठरवणं. नुसतं रडून प्रतिक्रमण पुरं होत नाही.

रात्री वहीचं पान घेतलं. काय शिकले, कुठे चुकले, पुढे काय करणार आणि मला काय हवं, असे चार भाग केले. सकाळी नवकार म्हणून निघाले.

साहेबांनी आधी त्यांचं सांगितलं. हिशेब नीटनेटका, पण वेग कमी. संगणकाला घाबरता. ऐकून घेतलं, मधे बोलले नाही. मग गाडीची गोष्ट स्वतःच काढली. त्यांचा चेहरा उतरला. "त्याच दिवशी का नाही सांगितलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "भ्याले," एवढंच म्हणाले. मग उपाय सांगितला : गाडी सुटण्याआधी मी नंबर मोठ्याने वाचणार आणि गेटवरचा माणूस पाटीशी ताडून बघणार. तो त्यांनी मान्य केला. पण कागदावर चूकही लिहिली.

शेवटी धीर करून मागितलं, "माझा चौविहार असतो. थंडीत पावणेसहा-सहाला सूर्यास्त होतो, तेव्हा साडेपाचला पंधरा मिनिटं डब्यासाठी द्या. सकाळी तेवढी लवकर येईन." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, म्हणाले, "चालेल."

नोकरी पक्की झालेली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा बसायचंय. वेगासाठी रोज रात्री लेक मला अर्धा तास शिकवते, आणि चुकले की मलाच रागावते!

पण त्या रात्री झोप लागली, मैत्रिणींनो. तुमच्यापैकी कुणी नव्याने नोकरीला लागली असेल तर एवढंच करा. चूक त्याच दिवशी सांगा, माझ्यासारखी रिव्ह्यूची वाट पाहू नका. दुसऱ्या दिवशी ती जड होते. आणि खोलीतून निघण्याआधी विचारा, "पुढच्या वेळेपर्यंत माझ्यात काय बदल दिसायला हवा?" उत्तर तिथेच वहीत लिहून घ्या.

लिहिण्यात काही दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.