गाडी गॅरेजमध्ये, मुक्काम तंजावुरात

तंजावूरला जायचे म्हटले की मराठी माणसाच्या मनात भव्य देऊळ पाहण्याच्या ओढीइतकेच 'आपल्या' गावाबद्दलचे कुतूहलही असते. शिवरायांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे राज्य स्थापन केले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचे घराणे इथे नांदले. आज अनेक कुटुंबे हा प्रवास स्वतःच्या गाडीने करतात. पुण्याहून कोल्हापूर, हुबळी, बंगळूर, सेलम, त्रिची असा बाराशे किलोमीटरहून अधिक रस्ता आहे. घरातल्या तरुणाने हौसेने घेतलेली स्पोर्ट्‌स कार असेल, तर या रस्त्याचा मोह आवरत नाही.

निघण्यापूर्वी गाडी गॅरेजमध्ये दाखवून घेणे शहाणपणाचेच. पण नेमकी याच कामातून कधी कधी एक नवी अडचण उभी राहते. क्लच बदलला, गिअरबॉक्स उतरवून पुन्हा बसवला किंवा टायमिंग बेल्ट घातला आणि गाडी झकास चालू लागली, असे वाटते. मग शेसव्वाशे किलोमीटरनंतर, नाहीतर थेट त्रिची मागे पडल्यावर सिग्नलला थांबताच सारी गाडी थरथरू लागते. गिअर टाकताना 'धप्प' असा आवाज येतो. अॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखाली काहीतरी उसळल्यासारखे वाटते. पेट्रोलमध्ये कचरा आला असेल, असे म्हणून पुष्कळजण पुढे रेटतात. खरा दोष मात्र अनेकदा इंजिनाच्या माउंटिंगचा असतो. काही गॅरेजवाले त्याला 'फाउंडेशन' म्हणतात.

हे माउंटिंग म्हणजे काय, ते समजून घ्यायला तंजावूरच्या बाजारातली प्रसिद्ध डुलणारी बाहुली पुरेशी आहे. नाचणाऱ्या बाहुलीचे डोके, धड आणि घागरा हे वेगवेगळे भाग एकमेकांवर नुसते टेकवून तोललेले असतात. ते चिकटवून टाकले तर बाहुली नाचणार नाही आणि नीट बसले नाहीत तर ती कोसळेल. इंजिनाचेही तसेच आहे. दीडदोनशे किलोचे हे थरथरणारे धूड बहुधा तीन किंवा चार ठिकाणी, धातूला जोडलेल्या जाड रबरावर टेकलेले असते. रबराने त्याला धरूनही ठेवायचे आणि थोडे हलूही द्यायचे. काही गाड्यांत रबराच्या पोटात द्रव भरलेला असतो. तो गळून गेला की माउंटिंग निकामी होते.

गॅरेजच्या कामानंतरच हा दोष का उद्‌भवतो? क्लच किंवा गिअरबॉक्सचे काम करताना एकदोन माउंटिंगचे बोल्ट काढून इंजिन जॅकवर तोलून धरावे लागते. त्या वेळी ते एका बाजूने जास्त उचलले गेले, तर दुसऱ्या बाजूचे रबर ताणून फाटते. इंजिन आपल्या जागी पुरते विसावण्यापूर्वीच बोल्ट आवळले, तर रबर पिळलेल्या अवस्थेत अडकते आणि थोड्याच दिवसांत चिरते. काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात. तेच पुन्हा घातले, तर ते सैल होऊ शकतात. रबरावर तेल सांडून राहिले, तरी ते हळूहळू फुगते. स्पोर्ट्‌स कारच्या ताकदवान इंजिनाचा झटका मोठा असल्याने अशी चूक लवकर उघडी पडते.

लक्षणे दिसली की पहिली गोष्ट म्हणजे वेग कमी करावा आणि जोरात अॅक्सिलरेटर देणे टाळावे. तमिळमध्ये 'मेदुवा' म्हणजे सावकाश. या प्रवासात तो एवढा एक शब्द लक्षात ठेवला तरी चालेल. इंजिन जागचे सरकू लागले, तर पाण्याचे होज, वायरिंग, सायलेन्सरचा जोड आणि चाकांना फिरवणारे शाफ्ट या साऱ्यांवर ताण येतो. एखादे माउंटिंग पूर्ण तुटले असेल किंवा बोल्टच गळून पडला असेल, तर गाडी अजिबात चालवू नये. स्पोर्ट्‌स कार बुटकी असते. म्हणून ती दोरीने ओढत नेऊ नये. सपाट हौद्याची टोइंग गाडी मागवून तीवरच चढवावी. सुटा भाग चेन्नईहून किंवा कोईमतूरहून मागवावा लागला, तर एकदोन दिवस जातात. मिळेल ते रबर कापून बसवतो, असे कुणी म्हटले तर नम्रपणे नकार द्यावा.

हे दोन दिवस वाया गेले असे मात्र समजू नका. घाईच्या सहलीत न दिसणारे तंजावूर आता निवांत पाहता येते. राजराज चोळाने बांधलेले बृहदीश्वर मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. त्याचे ग्रॅनाइटचे विमान साठ मीटरच्या आसपास उंच आहे. इथे पहाटे किंवा संध्याकाळी जावे, कारण दुपारी फरशी चटके देते. मंदिराच्या आवारातच भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी तो १८०३ मध्ये कोरवून घेतला. मुलांना बोट ठेवून एकेक अक्षर लावू द्यावे. घरापासून हजार किलोमीटरवर आपली भाषा दगडात भेटते, याचा आनंद काही वेगळाच. राजवाड्याच्या आवारातले सरस्वती महाल ग्रंथालय नायकांच्या काळापासूनचे असले, तरी त्याला खरे वैभव आणले ते सरफोजीराजांनी. तिथे तमिळ आणि संस्कृत ग्रंथांबरोबर मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रेही जपलेली आहेत.

गाडी ताब्यात घेताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. इंजिन मोकळेपणी विसावल्यावरच बोल्ट शेवटचे आवळले का, ते टॉर्क रेंचने कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळले का, हे विचारायला संकोच करू नये. एक माउंटिंग फाटले असेल, तर बाकीचीही तपासून घ्यावीत, कारण त्यांनी जादा भार सोसलेला असतो. फाटलेला भाग परत मागून घ्यावा, त्याचे फोटो काढावेत आणि बिलावर दोषाचे कारण लिहून घ्यावे. मूळ काम करणाऱ्या गॅरेजला त्याच दिवशी लेखी कळवावे. बहुतेक गॅरेजवाले एवढ्यावर समजुतीने घेतात. न घेतल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर सल्ला मिळतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. म्हणजे गाडी तंजावुरात बंद पडली, तरी पुण्याच्या माणसाला तारखांसाठी तंजावूरला खेपा घालाव्या लागत नाहीत.

दुरुस्तीनंतर लगेच परतीचा लांबचा रस्ता धरू नये. आधी कुंभकोणमच्या वाटेवर सुमारे ३५ किलोमीटरवर असलेल्या दारासुरमला जाऊन यावे. दुतर्फा कावेरीच्या पाण्यावर पिकणारी भातशेती आहे. मध्ये गावे लागतात, म्हणजे थांबणे, निघणे, गिअर बदलणे या साऱ्याची परीक्षा आपोआप होते. दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर बाराव्या शतकातले. त्याचा एक मंडप रथासारखा आहे. दगडी चाके, ओढणारे घोडे, सारे काही जागच्या जागी. तो पाहून परत आल्यावर गाडी पुन्हा एकदा मेकॅनिककडे न्यावी, बोल्ट तपासून घ्यावेत आणि मगच सामान चढवावे. तेवढ्या वेळात बाजारातून एक डुलणारी बाहुली घेऊन ठेवायला विसरू नये.