वालाच्या शेंगांचं वाक्य

माझ्या युद्धकादंबरीत गोळी एकदाही सुटत नाही. गाडं अडलंय ते एका पत्रावर. 1944 चा जानेवारी. इटलीतला एक मराठा शिपाई इथे डोलवीला पत्र धाडतो. पत्र अर्थातच वडिलांच्या नावे, 'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार'पासून. ओटीवर सगळं घर जमलेलं, मास्तर वाचतायत, बायको दाराआड. नवऱ्याने तिचं नाव लिहायचं नाही, तिने काही विचारायचं नाही. वर सेन्सॉरची कात्री. एवढ्या सगळ्यांदेखत त्याला तिच्याशी बोलायचंय.

तो लिहितो, परसातल्या वालाला शेंगा धरल्या का?

वाल तिने पेरलाय. हे एक वाक्य मी कुठे कुठे नेऊन ठेवलं! शेवटी ठेवलं की मुद्दाम ठेवल्यासारखं दिसतं. गुरांच्या, कर्जाच्या चौकशीत मिसळलं की वाचणारा सरळ पुढे जातो. मास्तरांना तिथे ठसका लावून पाहिला, तर नाटक झालं. शिवाय पत्र पोचेस्तोवर शिमगा आलेला, वाल झोडून कणगीत गेलेला. म्हणजे तिने उत्तर द्यायचं ते हंगाम उलटलेल्या प्रश्नाला, आणि तेही सासऱ्यांच्या तोंडून.

आत्याने लहानपणी अशी पत्रं ओटीवर ऐकली होती. मी खर्डा वाचायचो. खोटं वाटलं की 'असा कोनी लिवत नव्हता' म्हणून ती उठून जायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. आता उठून जाणारं कुणी उरलं नाही, आणि मला माझं लिहिलेलं सगळंच बरं वाटायला लागलंय. याची मला धास्ती वाटते.

निरोपाचं प्रकरण एका बैठकीत उतरलं होतं. धरमतरचं बंदर, मुंबईची बोट, काठावरची माणसं. आज तिथे कारखान्याच्या बार्जा लागतात, तरी मला ती बोट दिसते. निरोप लिहिणं सोपं असतं, दोन माणसं समोरासमोर असतात. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये, 1939 साली, चक्रधर आणि हेर्टा यांना निदान एक बोट मिळाली, बोलायला दिवस मिळाले. माझ्या दोघांना मास्तरांचा आवाज तेवढा मिळालाय.

हल्ली युद्धावरच्या कादंबऱ्यांत शिपाई बायकोला पानपानभर प्रेमपत्रं लिहितात, चंद्रासकट. मला त्यांचा राग येतो. लिहिणाऱ्याने ते घर पाहिलेलंच नसतं. खरी पत्रं तरी कुठे हाती लागतात? सेन्सॉर खात्याने हिंदी शिपायांच्या पत्रांतले उतारे इंग्रजीत करून अहवालांत घातले. शिपायांचं मनोधैर्य टिकून आहे का, एवढंच साहेबाला हवं होतं. तिथे वालाच्या शेंगांना कोण विचारतो?

आपल्याच जिल्ह्यातले, माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात पडले. तुकडीतले बाकीचे सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटे मशीनगनवर धावून गेले. वय अवघं बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगं नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. त्या धावण्याची नोंद पलटणीने ठेवली. पण त्या वर्षी पळसगावच्या घरात काय चाललं असेल, हे कुठल्या सन्मानपत्रात लिहिलेलं नसतं. तेवढ्यासाठीच कादंबरी हवी, असं मी मानतो.

आणि हेही खरं, की मला लोकांनी रडायला हवं असतं. वाचनाच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेत कुणी पदर डोळ्याला लावला की माझा आवाज आपोआप संथ होतो. वालाचं वाक्य शेवटी न्यायचा मोह तिथूनच येतो, कारण शेवटच्या वाक्यावर टाळी पडते.

प्रकाशकांना दिवाळीपूर्वी हस्तलिखित हवंय. मी नाही म्हणून कळवलंय. सध्या ते वाक्य भाताच्या भावानंतर आणि धाकट्याच्या शाळेआधी आहे. मास्तर ते एका दमात वाचून पुढे जातात, आणि ती दाराआडून आत निघून जाते. आत जाऊन ती काय करते, ते अजून लिहायचं राहिलंय.