समुद्रांतील गोठा

मासे खाणाऱ्या माणसाची समुद्राविषयीं एक भाबडी श्रद्धा असते. शेत नांगरावें लागतें, गाय चारावी लागते. समुद्राला मात्र कांहीं द्यावयाचें नसतें, त्याच्याकडून नुसतें आणावयाचें असतें, अशी ती श्रद्धा. माझा जन्म किनाऱ्यावरचा. त्यामुळें कारवारला समुद्रांत पिंजरे सोडून जिताडा वाढवितात हें ऐकलें, तेव्हां माझें कुतूहल चाळवलें आणि मनाला थोडा संकोचहि वाटला.

आपल्या देशांत हा उद्योग जुना नाहीं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें २००७ मध्यें विशाखापट्टणमच्या खुल्या समुद्रांत पहिला पिंजरा सोडला. पुढें तो पश्चिम किनाऱ्यावरहि आला. पिंजरा म्हणजे तरंगतें कडें, त्याखालीं विहिरीसारखें लोंबणारें जाळें, बाहेरून आणखी एक दणकट जाळें आणि हा सारा संसार जागीं धरून ठेवणारा नांगर. वरूनहि जाळें पसरावें लागतें, कारण पक्ष्यांना अशा अन्नछत्राचा सुगावा फार लवकर लागतो.

जिताडा हा मासा—गोव्यांत त्यालाच चोणक म्हणतात—पानांत जितका सौम्य, तितकाच बाळपणीं क्रूर. आपल्याहून लहान भावंडाला तो निःसंकोच गिळतो. म्हणून बोटाएवढीं पिलें झालीं कीं तीं पुनःपुन्हा निवडून थोरलीं निराळीं आणि धाकटीं निराळीं ठेवावीं लागतात. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणारांनीं हें एकदां अवश्य पाहावें! जाळ्यावर शेवाळ आणि शिंपले चढले तर आंत ताजें पाणी खेळत नाहीं आणि मासे गुदमरतात. म्हणून जाळें धुणें, बदलणें, फाटलें तर शिवणें हें सतत चालूंच असतें. शिवाय मृगाच्या आधीं खुल्या समुद्रांतला माल काढून घ्यावा लागतो.

एका वृद्ध गाबितानें मला सांगितलें, "पूर्वीं वादळ आलें म्हणजे मी घरांत निर्धास्त निजत असें. आतां माझीं गुरें बाहेर बांधलेलीं असतात." शिकारी शेतकरी झाला म्हणजे त्याच्या वांट्याला काय येतें, हें याहून स्पष्ट मला कोणीं सांगितलेलें नाहीं.

तरीहि तो पिंजरा सोडावयास तयार नव्हता, आणि त्याचें कारण मला पटलें. होडींतून किनाऱ्यावर आणलेला मासा संध्याकाळच्या आंत विकलाच पाहिजे. दलालाचें बरेंचसें सामर्थ्य ह्या सक्तींतच असतें. पिंजऱ्यांतला मासा उद्यांची वाट पाहूं शकतो. जाळ्यांत जिवंत सांपडलेलें लहान पिलूंहि कवडीमोलानें न विकतां आंत सोडून वाढवितां येतें. पिढ्यान् पिढ्या भावापुढें मान तुकविणाऱ्या माणसाला "आज विकत नाहीं" असें म्हणतां यावें, ही मला तरी लहानसहान गोष्ट वाटत नाहीं.

माझें मन अडतें तें दुसरीकडे. जिताडा मांसाहारी, त्याला चारा म्हणून बहुधा तारलीसारखी स्वस्त मासळी कापून घालतात, आणि एक किलो जिताड्यामागें अशी चार किलोंहून अधिक मासळी सहज संपते. गोळ्यांचें तयार खाद्य मिळतें. पण तें महाग, आणि त्यांतहि लहान माशांची भुकटी असतेच. ही तारली म्हणजे गरिबाच्या भाताचा सोबती. शिवाय ती लहरी. केरळच्या किनाऱ्यावर २०१२ मध्यें ती सुमारें चार लाख टन मिळाली. २०२१ मध्यें साडेतीन हजार टनहि मिळाली नाहीं. तिच्या भरंवशावर गोठा बांधणें म्हणजे अवर्षणाच्या मुलखांत हिरव्या गवताचा करार करण्यासारखें आहे. कालवें आणि शिंपले पाण्यांतलेंच सूक्ष्म अन्न गाळून वाढतात, त्यांना कोणी चारा घालीत नाहीं. त्यांची शेती अधिक व्हावी असें मला वाटतें. पण त्यांना जिताड्याचा भाव कोण देणार?

त्या गाबिताच्या घरीं दुपारीं मी जेवलों. पानांत तारल्यांचें तिखट होतें. जिताडे सकाळींच बर्फांत घालून हॉटेलांकडे रवाना झाले होते, आणि त्यांचा भाव सांगतांना म्हाताऱ्याची सून हंसत होती.